खोक्याची खडखड

"शनिवारपर्यंत ही खडखड थांबली नाही ना, रादिशा, तर हा खोका माझ्या भावाकडे जाईल," देसांका म्हणाली. "त्याची एक कोंबडी खुडूक बसलीय. तिला जागा हवीच आहे."

रादिशाने घाईघाईने गाणं बंद केलं. गाणं थांबलं, पण मागच्या नंबर प्लेटने आणखी एकदा 'टर्र' करून घेतलं. काही माणसांना शेवटचा शब्द आपलाच लागतो, नंबर प्लेटांचंही तसंच असावं.

खोका म्हणजे सबवूफर, खर्ज घुमवणारा स्पीकर. गाडीच्या डिकीत तो लग्नाच्या पेटीसारखा बसला होता आणि निम्मी डिकी त्याने खाल्ली होती. आता सप्टेंबर लागलेला. लेस्कोवाच गावात सप्टेंबर लागला की माणसं एकमेकांना "कसे आहात" विचारत नाहीत, "किती किलो?" विचारतात. लाल मिरच्या पोत्यांनी आणायच्या, इमारतींच्या मधल्या अंगणात पत्र्याच्या शेगडीवर भाजायच्या, सोलायच्या, कढईत तासन्‌तास आटवून त्यांचं आयवार करायचं आणि बरण्या भरून ठेवायच्या. ज्याच्या घरी आयवार नाही त्याच्या घरी हिवाळ्यात पाहुणासुद्धा फार वेळ बसत नाही. अशा दिवसांत गाडीची डिकी अडवून ठेवणं म्हणजे घरात राहून घराशी वैर करणं होतं. त्यातून त्या मंगळवारी रादिशाने बेस जरा चढवला, तर देसांकाने धुऊन बाकावर पालथ्या घातलेल्या चाळीस बरण्या एकमेकींना धडकून किणकिणायला लागल्या. अंगणातल्या सगळ्या बायकांनी माना वळवून आधी बरण्यांकडे, मग गाडीकडे आणि शेवटी देसांकाकडे पाहिलं. ते शेवटचं पाहणं तिला लागलं.

तशी देसांका अन्यायी बाई नव्हती. "मला गाण्याचं वावडं नाही," ती म्हणाली. "पण गाणं एक आणि खुळखुळा दहा, हे काय आहे? शनिवारी मी आणि आई तुझ्याबरोबर बाजारात येणार. ऐंशी किलो मिरच्या. त्या मागच्या सीटवर ठेवू, खोका राहू दे डिकीत. येताना-जाताना तुला हवं ते वाजव. पण मला एक जरी खडखड ऐकू आली, तर गाडी तशीच व्लासोतिन्सेला भावाकडे वळवायची. कबूल?"

"कबूल," रादिशा म्हणाला. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

आता हा खोका रादिशाला एवढा का प्यारा, ते सांगायला हवं. रादिशा बावीस वर्षं बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करत होता. आवाज त्याचा चांगला, खर्जातला. पण तो ज्या भोंग्यातून बाहेर पडे, तो भोंगा कधीकाळी फुटलेला. "दहा पंधराची निश गाडी फलाट तीनवर लागत आहे," असं तो स्वच्छ, अदबीने म्हणे आणि फलाटावर लोकांना ऐकू येई ते "खर्र पंध खर्र खर्र तीघ." मग लोक खिडकीशी येऊन विचारत, "निशची गाडी कुठे लागलीय हो?" बावीस वर्षांत एकही वाक्य त्याच्या तोंडातून निघालं तसं कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. तेव्हा या जन्मी एक तरी आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड ऐकावा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. लोकांच्या इच्छा याहून पुष्कळ महाग असतात.

गेल्या डिसेंबरात त्यांनी गाडी घेतली. घराला नवी आणि जगाला अकरा वर्षं जुनी. मार्चमध्ये रादिशाने तिच्यात खोका बसवला. आणि पहिलाच ठोका पडला तेव्हा त्याला कळलं की गाडीतलं सगळं प्लॅस्टिक अकरा वर्षं बोलायची संधी शोधत होतं.

बुधवारी दुपारी कामावरून आल्या आल्या रादिशाने स्रेतेनकाकांना गाठलं. काका तळमजल्यावर राहत. फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं खुर्च्यांना गाद्या ठोकून निवृत्त झालेले. कुरकुरणारी कुठलीही वस्तू गप्प करायचा त्यांना नाद होता. फक्त स्वतःच्या तोंडावर त्यांनी तो कधी चालवला नव्हता.

"खडखड डोळ्यांनी सापडत नाही," काका म्हणाले. "हाताने शोधायची. असं कर, गाणंबिणं नको. नुसता एक घुमणारा सूर लाव, हळूहळू चढणारा. तू हाताने दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज बंद होतो, तिथे चोर."

मग मोबाइलवरून एक सूर लागला, म्हशीने झोपेत हुंकार द्यावा तसा. काका बटणाशी बसले आणि रादिशा डिकीत गुडघ्यांवर रांगत तळवे टेकवू लागला. पहिला चोर नंबर प्लेटच निघाली. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली, ती मुकी झाली. लगेच मागच्या काचेखालची फळी वाजायला लागली.

"ही मघाशी नव्हती वाजत!" रादिशा म्हणाला.

"वाजत होती रे. मोठा ओरडत असला की धाकट्याचं कुणी ऐकतं का?" काका म्हणाले. "आमच्या युनियनच्या सभेत अस्संच व्हायचं."

फळीखाली नमद्याचा जाड तुकडा लागणार होता. तो रादिशाने घरातून आणला. फळी गप्प झाली, तर डावा दरवाजा बोलला. दरवाज्याचं पॅनेल काढलं, तर नऊपैकी तीन क्लिपा तुटलेल्या आणि आतल्या तारा पत्र्यावर टिचक्या मारत बसलेल्या. तारांना कापडी पट्टी गुंडाळली, नव्या क्लिपा बसवल्या, पत्र्यावर डांबरी चिकट थर दाबून लावला. मग उजवा दरवाजा. मग स्टेपनीच्या पोटातला जॅक, त्याला रादिशाच्या जुन्या पायजम्यात गुंडाळून झोपवला. मग छतावरचा दिवा. मग सीटच्या पट्ट्याची कडी. प्रत्येकाची समजूत काढावी, तर पलीकडून कुणीतरी नवाच गळा काढी.

संध्याकाळी देसांका हातात इस्त्री घेऊन खाली आली. इस्त्री गरम होती.

"माझं इस्त्रीखालचं घोंगडं कुठे आहे?"

रादिशा डिकीतून बाहेर आला नाही. स्रेतेनकाकांनी आभाळाकडे पाहिलं.

"आणि भांडी घासायचे सहा स्पंज?"

"ते दरवाज्यात आहेत," रादिशा आतून म्हणाला. "तीन इकडे, तीन तिकडे."

"मी जेवणाच्या टेबलावर इस्त्री टेकवली, रादिशा. टेबलावर इस्त्रीचा डाग उठलाय. पाहुण्यांना वाटेल आम्ही जहाज जेवायला घेतलं होतं." आणि ती पायऱ्यांपर्यंत जाऊन परत वळली. "तो खोका माझ्या कोंबडीला आवडणार आहे, बघ तू."

"तुमच्या भावाच्या कोंबडीला," काकांनी दुरुस्ती केली. तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की काकांनी हातातला पाना उगाचच पुसायला घेतला.

गुरुवारी दुपारी मात्र मामला जवळजवळ संपत आला. सूर वर चढला, खाली उतरला, सगळी गाडी गप्प. फक्त एक आवाज राहिला होता. तो मागून, डाव्या कोपऱ्यातून येई आणि इतरांसारखा थरथरत नसे. टक. मग जरा थांबून, टक टक. आत कुणीतरी बसून गोट्या खेळत असावं तसा.

त्यांनी कोपऱ्यातलं पॅनेल काढलं. रादिशाने आत हात घातला, चाचपला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या तळव्यावर एक अक्रोड होता.

"घ्या!" तो हसला. "एवढ्यासाठी दोन दिवस!"

"आधीच्या मालकाचा असेल," काका म्हणाले. "पोरांनी टाकला असेल पट्ट्याच्या फटीतून."

दोघेही सकाळपासून उपाशी होते. रादिशाने अक्रोड दरवाज्याच्या बिजागरीत धरला, दरवाजा हळूच ओढला. कडाक्. अर्धा त्याने खाल्ला, अर्धा काकांना दिला. अक्रोड चांगला होता, गोड. मग त्याने खात्रीसाठी पुन्हा सूर लावला.

टक. उजव्या कोपऱ्यातून.

काकांचा जबडा चालता चालता थांबला. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"रादिशा," ते म्हणाले, "गाडीला कोपरे किती?"

"चार. का?"

"तुमची गाडी घरात आली कधी?"

"डिसेंबरात. नाताळाच्या आधी—"

इथला नाताळ जानेवारीत असतो. त्याच्या आदल्या रात्री घरातली वडीलधारी बाई घराच्या चारी कोपऱ्यांत एकेक अक्रोड टाकते. ते अक्रोड गेलेल्या माणसांचे. त्यांना जिवंत माणसाने हात लावायचा नसतो आणि ते खायचे तर मुळीच नसतात. हे लेस्कोवाचात चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं आणि रादिशाला चव्वेचाळीस वर्षं ठाऊक होतं. आता त्याला ती जानेवारीतली संध्याकाळही आठवली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि सासूबाई शालीखाली काहीतरी लपवून, "जरा गाडी बघून येते," म्हणत खाली उतरल्या होत्या.

घर असो की गाडी, कोपरे ते कोपरे.

त्यांनी मुकाट्याने उरलेले तीन शोधून काढले. एक उजव्या मागच्या कोपऱ्यात, दोन पुढे पायांखालच्या सतरंजीआड. रादिशाने ते तिन्ही टोपीत ठेवले आणि टोपीकडे पाहत बसला.

"मी अर्धाच खाल्ला," काका म्हणाले.

"काका, तुम्हीच म्हणालात आधीच्या मालकाचा!"

"मी 'असेल' म्हणालो."

शेवटी असं ठरलं की दुकानातून एक चांगला अक्रोड आणायचा, चारही अक्रोड नमद्यात घट्ट गुंडाळायचे आणि होते तिथे ठेवून द्यायचे. म्हणजे पितरांचंही राहिलं आणि देसांकाचंही. दोघांनी ते निगुतीने केलं, पॅनेलं ठोकली, सूर लावला. गाडीतून फक्त सूर येत होता, दुसरं काही नाही. रादिशाने डोळे मिटले. त्याला वाटलं, बावीस वर्षांत आज पहिल्यांदा निशची गाडी खरोखर फलाट तीनवर लागली.

"झालं का रे बाळांनो?" मागून आवाज आला.

सासूबाई स्तामेना झाकल्या ताटात पिता, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, गरम गरम घेऊन उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काळा रुमाल डोक्याला, नजर मात्र कोवळ्या पोरीची. ताट बाकावर ठेवताना त्यांचं लक्ष खाली गेलं. दरवाज्याखाली अक्रोडाची टरफलं पडली होती.

"अक्रोड कुणी फोडला इथे?"

"कावळ्याने," काका झटकन म्हणाले. "कावळे टाकतात ना वरून, गाड्यांखाली फुटावेत म्हणून. हुशार जात."

स्तामेनाबाईंनी वाकून टरफल उचललं. उलटसुलट केलं. "सप्टेंबरात कावळ्याला हिरव्या सालीचा अक्रोड मिळतो, स्रेतेन. हा गेल्या वर्षीचा वाळलेला. कावळ्याच्या घरी बरणी आहे का?" मग त्या रादिशाकडे वळल्या. "जावईबापू?"

त्या 'जावईबापू' म्हणाल्या की खोटं बोलण्यात अर्थ नसे. रादिशाने सगळं सांगितलं. टोपी हातात चुरगाळत, खाली मान घालून.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या बाकावर ताटाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "कुठला कोपरा?"

"मागचा डावा, आई."

"तो माझ्या झिवोयिनचा." टरफल त्यांनी मुठीत धरलं. "पुढचा उजवा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना बैलगाडीतसुद्धा मागे बसलं की मळमळायचं. पुढचा डावा माझ्या बापाचा, उजवा मागचा सासूबाईंचा, माझ्या नवऱ्याशेजारी, नाहीतर ऐकून घेतलं नसतं त्यांनी. सगळ्यांची सोय बघून ठेवली होती मी. पायीच गेले रे सगळे. गाडीत बसायला एकाला मिळालं नाही."

रादिशाच्या जिभेवर अजून अक्रोडाची गोडी होती. ती आता त्याला कडू लागली.

"मी अर्धाच खाल्ला," काका पुटपुटले.

"मग तुझ्या स्वप्नात अर्धी रात्रच येतील," स्तामेनाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून उठल्या. "नवा ठेवलायस म्हणतोस? दाखव."

पॅनेल पुन्हा काढावं लागलं. नमद्यात करकचून गुंडाळलेला अक्रोड बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे काय? जखम झालीय का त्याला? हा दुकानातला, आणि वर बांधून घातलेला! मेलेल्या माणसाने आता गाठी सोडत बसायचं का? माझ्या बरणीतला देते मी, नाताळाचा उरलेला. आणि चौघांचेही सोडव. कोपऱ्यातला अक्रोड मोकळा लागतो. हलला पाहिजे."

"पण आई, हलला की वाजतो."

"वाजू दे."

"वाजला की खोका कोंबडीकडे जातो!"

"ते तू आणि तुझी बायको बघा," म्हणत त्यांनी ताटावरचा रुमाल काढला. "पिता खा. गार होतेय."

शुक्रवारी रादिशाची अवस्था दोन सुनांच्या सासऱ्यासारखी झाली. अक्रोड मोकळे सोडले तर टक टक होई, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून देसांका ओरडे, "ऐकू आलं मला!" अक्रोड गुंडाळले तर स्तामेनाबाई खिडकीतून बोट हलवत. देसांकाला त्याने परोपरीने सांगून पाहिलं की हे तुझ्याच बापाचं आहे.

"बाबा असते तर त्यांनी स्वतःच्या हाताने तो खोका कोंबडीला दिला असता," ती म्हणाली. "उद्याचं ठरलंय ते ठरलंय."

दुपारी स्थानकावर बसून त्याने भोंग्यातून क्रागुयेवाचची गाडी व्रान्येला पाठवली. लोक तशीही खिडकीशी येऊन विचारणारच होते, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. त्याच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. मोकळा पाहिजे. हलला पाहिजे. वाजता कामा नये. स्पंजाच्या खाचेत ठेवावा तर हलत नाही. कापसाच्या डबीत ठेवावा तर झाकण आलं, म्हणजे पुन्हा कोंडलेला. आणि खिडकीशी एक म्हातारी आली, तिकीट कुठे ठेवलं ते आठवेना, म्हणून वाकून तिने पायातल्या जाड लोकरी मोज्यात दोन बोटं घातली आणि तिकीट काढून दाखवलं.

रादिशा खुर्चीतून उभाच राहिला. "आजी," तो म्हणाला, "तुम्ही देवमाणूस आहात." म्हातारीला वाटलं, ह्याला ऊन लागलंय, पाणी हवंय. तिने शेजारच्या बाईला तसं सांगितलंही.

घरी जाऊन त्याने सासूबाईंसमोर बसून, कोर्टात वकील मांडतो तशी बाजू मांडली. मोजा बांधायचा नाही. तोंड उघडं ठेवायचं. अक्रोड आत, अंगठ्याच्या जागी, हवा तेवढा लोळेल. ज्याला घ्यायचा त्याने हात घातला की मिळाला. गाठ नाही, झाकण नाही.

स्तामेनाबाई उठल्या. मग आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या होत्या. करड्या, टाचेला रफू केलेल्या, डांबरगोळ्यांच्या वासाच्या.

"झिवोयिनच्या आहेत," त्या म्हणाल्या. "मीच विणलेल्या. पाय कायम गार असायचे त्याचे. जूनमध्येसुद्धा." मग जरा थांबून म्हणाल्या, "सासूबाईंना मुलाचा मोजा चालेल. सासऱ्यांचं मी बघून घेईन."

अक्रोड त्यांनी स्वतःच्या हाताने टाकले. डाव्या कोपऱ्यात टाकताना काहीतरी पुटपुटल्या, ते रादिशाने ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने पॅनेल लावलं, सूर लावला. गाडी गप्प. त्या लोकरीचा त्याला इतका उमाळा आला की त्याने पटकन तोंड फिरवून नंबर प्लेट पुसायला घेतली.

शनिवारी सकाळी तिघं बाजाराला निघाली. जाताना देसांका मान किंचित तिरकी करून, डॉक्टर छाती तपासतात तशी बसली होती. रादिशाने ट्रम्पेटची गाणी लावली, लग्नातली, ढोल सगळ्यांत पुढे असलेली. खोक्यातून ठोका निघाला तो सीटमधून वर पोटात आला. बाकी कुठेही, काहीही नाही. पुलावर काही नाही. खड्ड्यात काही नाही. रेल्वेच्या फाटकावर रुळांवरून गाडी धडधडत गेली, रादिशाचं सगळं लक्ष मागच्या डाव्या कोपऱ्यात, तिथे अक्रोड लोकरीत या कुशीवरून त्या कुशीवर वळला असेल तेवढाच.

ऐंशी किलो मिरच्या घेतल्या. पोती मागच्या सीटवर रचली आणि त्यांच्या कडेला, डाव्या बाजूला, स्तामेनाबाई फटीत बसल्या. दुसरीकडे बसायला त्या तयार नव्हत्या. परतीच्या वाटेवर पुन्हा ते फाटक आलं. गाडी पार झाली.

"हं," देसांका म्हणाली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिच्या त्या 'हं'चा अर्थ रादिशाला बरोबर कळत होता. कोंबडीला दुसरी जागा बघावी लागणार होती. त्याला इतका आनंद झाला की तो नवं गाणं लावायला म्हणून पुढे झुकला. हे गाणं त्याने सहा महिने राखून ठेवलेलं होतं, फक्त याच क्षणासाठी.

"बारा वाजले का?" पोत्यांमागून आवाज आला.

"वाजतायत, आई."

"मग हे पिपाणी-ढोल बंद कर आणि रेडिओ लाव."

सासूचा शब्द. रादिशाने रेडिओ लावला. नद्यांच्या पाण्याची गावोगावची पातळी, किती सेंटिमीटरने चढली-उतरली ते, सांगत होते, रोज बाराला सांगतात तशी. निवेदकाचा आवाज भारदस्त, संथ. खोक्याने तो आवाज घेतला आणि सगळ्या गाडीभर पसरला. "डॅन्यूब. बेझ्दान, दोन मीटर बारा, चारने उतरती. आपातिन, दोन मीटर सत्तर, तीनने उतरती."

मागून अगदी हळू, पण जितका जाड काढता येईल तितक्या जाड आवाजात कुणीतरी म्हणालं, "तीनने उतरती."

देसांकाने झटकन मागे पाहिलं.

"असाच म्हणायचा झिवोयिन," स्तामेनाबाई म्हणाल्या. "रोज जेवताना. एकेक आकडा त्याच्यामागून. गाव आमचं डोंगरावर, नदी बघायची तर अर्धा दिवस चालावं लागे. पूर यायचा म्हटला तरी त्याला वाट विचारत यावं लागलं असतं. चाळीस वर्षं मी विचारत होते, तुला काय करायचंय रे त्या पाण्याशी? म्हणायचा, गप, झेमून आलं." त्यांनी सीटच्या पाठीवर तळवा ठेवला. "हे बघ, इथे लागतंय. तो बोलायचा तेव्हा पलंगाची फळी अशीच घुमायची. रादिशा, जरा मोठं कर रे."

रादिशाने मोठं केलं. खडखड नव्हतीच, त्यामुळे माणूस बोलत होता तेवढंच ऐकू येत होतं, आणि ते सगळंच्या सगळं. अंगणात गाडी थांबली तरी कुणी उतरलं नाही. शेगड्या पेटवून बसलेल्या बायका मिरच्यांसाठी गाडीभोवती जमल्या आणि आत पाहून परत गेल्या, कारण देसांका समोरच्या काचेकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याची पातळी कुणी सांगत नव्हतं.

आता त्या गोष्टीला तीन आठवडे झाले. खोका डिकीत आहे आणि तो हलवायचं नाव कुणी काढू शकत नाही. देसांकाने परवा भावालाच फोनवर झापलं, कोंबडीसाठी बादली आण म्हणून. फक्त दुपारी बाराला गाडी अंगणातून हलत नाही. रादिशा एकची पाळी घेऊन पायी कामावर जातो. संध्याकाळी गाडी स्तामेनाबाईंच्या मैत्रिणींकडे असते, चर्चची स्तोत्रं ऐकायला. सहा महिने राखून ठेवलेलं ते गाणं अजून वाजलेलं नाही.

काल स्रेतेनकाकांना राहवलं नाही. बाराला पाच कमी असताना ते गाडीच्या खिडकीशी आले. आत मागे स्तामेनाबाई, पुढे देसांका, आणि चाकामागे रादिशा, डब्यातली पिता मांडीवर घेऊन.

"काय रे," काका म्हणाले, "एवढं घोंगडं कापलंस, स्पंज घातलेस, पितरांचा अक्रोड खाल्लास. हे सगळं पाण्याची पातळी ऐकायला? तुझी गाणी कधी लावणार तू?"

रादिशाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात रेडिओ घुमला आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

"गप, काका," तो म्हणाला. "बेझ्दान आलं."

दोन मीटर पाच, एकने चढती. तिघांनीही ते खर्जात म्हटलं, रादिशाने सगळ्यांत स्वच्छ. काका थोडा वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी मागचा दरवाजा उघडला, बाईंची विणकामाची पिशवी सरकवली, आत बसून दरवाजा आवाज न करता ओढून घेतला आणि हळूच विचारलं, "किती म्हणाला?"